थेंबभर रक्ताची चोरी

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या आतल्या अंगाला एक पुनर्विकास झालेली इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर जानकी तुळसकर राहतात. जन्म वेंगुर्ल्याकडचा, लग्नानंतरचं सगळं आयुष्य मुंबईत. या सगळ्या आयुष्यात बाईंनी सरळ सांगितलेली गोष्ट हवी असेल तर ती दिवा घेऊन शोधावी लागेल. पण त्यांना कुणी खोटारडी म्हटलं तर इमारतीतली निम्मी माणसं भांडायला उठतील, कारण निम्म्या माणसांचं भलं जानकीबाईंच्या थापांमुळेच झालं आहे.

लिफ्टचंच घ्या. ती महिनोन् महिने बंद होती. अर्ज झाले, सभा झाल्या, सभेत चहा झाला, लिफ्ट काही हलेना. जानकीबाईंनी एका सकाळी दूधवाल्याच्या कानात सोडून दिलं की चेअरमन श्यामसुंदर यांच्या मुलीला बघायला रविवारी बोरिवलीची मंडळी येताहेत, आणि मुलाच्या आईचे गुडघे धरलेले आहेत. दुपारपर्यंत ही बातमी चेअरमनच्या बायकोकडे पोचली. मंडळी कुठली हे तिलाही माहीत नव्हतं, पण न जाणो! शनिवारी लिफ्ट चालू झाली. रविवारी कुणी आलं नाही. जानकीबाई म्हणाल्या, शेवटी माणसाचं काय सांगता येतं, आणि पिशवी घेऊन लिफ्टने खाली बाजाराला गेल्या.

शेजारच्या प्रेमाताई आणि त्यांची सून यांच्यातून विस्तव जात नव्हता. जानकीबाईंनी प्रेमाताईंना गाठून सांगितलं की सून तुमच्या आमटीचं गच्चीवर कौतुक करत होती. सुनेला सांगितलं की सासूबाई तुझ्या पुरणपोळीपुढे स्वतःच्या पोळीला नावं ठेवत होत्या. दोघीही चकित झाल्या आणि दोघीही विरघळल्या. आज त्या दोघींचं इतकं मेतकूट जमलं आहे की त्या मिळून जानकीबाईंच्या थापांबद्दल बोलत बसतात.

नियम मात्र एक होता. स्वतःच्या फायद्यासाठी थाप मारायची नाही. बाकी समोरचा सरळ रस्त्याने पोचत असला तरी त्याला तीन गल्ल्या फिरवून आणल्याशिवाय बाईंना चैन पडायचं नाही.

अशा बाईंना एक दिवस थाप सुचेना, त्याची ही गोष्ट.

त्यांचे यजमान बाळाभाऊ पूर्वी गिरणीत होते. गिरणी गेल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात त्यांनी उरलेली नोकरी काढली. तरुणपणी गालात सतत तंबाखू असायची, ती फार उशिरा सुटली. माणूस अबोल, पण जेवायला भक्कम. भाताचा डोंगर आणि त्यावर माशाचं तिखलं, एवढं मिळालं की जगाबद्दल त्यांची तक्रार नसे. तर या माणसाने दिवाळीनंतर भाकरी बाजूला सारायला सुरुवात केली. मग भातही पाण्याच्या घोटाबरोबर उतरू लागला. प्रत्येक घासाला ते क्षणभर थांबत, छातीवर मूठ ठेवत आणि कुणी पाहिलं का ते पाहत. पँट कमरेवर राहीना, तेव्हा पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. जानकीबाईंनी विचारलं की एकच उत्तर यायचं, घशाला काही झालेलं नाही.

डॉक्टरकडे चला असं सरळ म्हणायला दुसरी कुठलीही बायको चुकली नसती. जानकीबाईंची अडचण वेगळी होती. बाळाभाऊंच्या थोरल्या भावाला काही वर्षांपूर्वी पोटाचा कॅन्सर झाला, तेव्हा घरात ती गोष्ट दादांपासून लपवायची असं ठरलं, आणि लपवायचं काम साहजिकच घरातल्या निष्णात व्यक्तीकडे आलं. आतड्याला सूज आहे, पावडर घेतली की उतरेल, असं जानकीबाईंनी दादांना सांगितलं. रुग्णालयाच्या पाटीवर रोगाचं नाव होतं, ते दादांना दिसू नये म्हणून टॅक्सी मागच्या फाटकाने आत घेतली. नातेवाइकांना काय बोलायचं ते पढवलं. थाप इतकी चोख बसली की दादा जाईपर्यंत घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. पण ती थाप चालू असताना बाळाभाऊ शेजारीच उभे होते. बायको हसून ‘काही नाही हो’ म्हणते तेव्हा तिच्या पोटात काय असतं, हे त्यांनी त्या वेळी नीट पाहून ठेवलं होतं. दादांनंतर ते रुग्णालयाची पायरी चढले नाहीत.

म्हणजे जानकीबाई ‘नुसतं दाखवून येऊ’ म्हणाल्या असत्या तर बाळाभाऊंनी ते मरणाचं बोलावणं समजून अंथरूण धरलं असतं. आणि काहीच म्हणाल्या नसत्या तर घास अडकतच राहिला असता. रात्री नवऱ्याच्या बरगड्यांवर हात पडला की त्यांची झोप उडायची. काहीही करून या माणसाच्या अंगात काय चाललंय ते त्याच्या नकळत कळायला हवं होतं.

वाट दाखवली ती सुनेने, आणि तीही अजाणता. सून श्वेता कांजूरमार्गजवळच्या एका संशोधन संस्थेत काम करत होती. एकदा जेवताना सुशांतने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तू दिवसभर अंधाऱ्या खोलीत करतेस तरी काय असं चिडवलं, तेव्हा तिने समजावून सांगितलं. रक्ताचा वरचा पिवळसर नितळ भाग घ्यायचा, त्याचा एक थेंब धातूच्या पट्टीवर वाळवायचा आणि त्यावर लेसरचा किरण सोडायचा. रक्तात जे जे पदार्थ असतात ते त्या उजेडाचा रंग किंचित बदलून परत पाठवतात, प्रत्येक पदार्थ आपापल्या पद्धतीने. परत आलेल्या उजेडाचा आलेख पडद्यावर उमटतो, उंच-सखल डोंगरांची रांग असावी तसा. कॅन्सर असलेल्या माणसाच्या रक्ताचे डोंगर निरोगी माणसापेक्षा थोडे वेगळे येतात. तो फरक ओळखायला ते यंत्राला शिकवत होते. अजून शिकतंय हं ते, चुकतंही, असं श्वेता दोनदा म्हणाली. जानकीबाईंनी तो भाग ऐकलाच नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, एक थेंब पुरतो.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाळाभाऊंना सांगितलं की नाक्यावर ज्येष्ठांची रक्ततपासणी आहे आणि येणाऱ्याला छत्री फुकट आहे. घरात छत्र्या ठेवायला जागा नाही, असं म्हणून बाळाभाऊंनी पेपर पुढे ओढला. मग जानकीबाई म्हणाल्या की श्वेताला नमुने मिळत नाहीत, बिचारीची नोकरी जाईल, घरच्यांनी नको का मदत करायला? बाळाभाऊंनी रात्री जेवताना श्वेतालाच विचारलं. तिने आश्चर्याने सांगितलं की नमुने ठेवायला फ्रीज पुरत नाहीये. एका संध्याकाळी तर जानकीबाईंनी नवऱ्याच्या दंडावर बसलेला, पोट फुगलेला डास अचूक टिपला आणि तो तळहातावर घेऊन बराच वेळ विचार केला. पण आत नक्की कुणाचं रक्त आहे याची हमी डास देत नाही.

शेवटी तिसऱ्या कामाला आल्या. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांतलं ते चविष्ट म्हावरं, ज्यावर मालवणी माणूस जीव टाकतो. तिसऱ्या विळीवर उभ्या चिरून उघडायच्या असतात, आणि तुळसकरांच्या घरात हा मान फक्त बाळाभाऊंचा. बायकांना जमत नाही, मांस फाटतं, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि आयतं चिरून मिळतंय म्हटल्यावर जानकीबाईंनी ते कधी खोडलं नव्हतं. रविवारी त्यांनी टोपलीभर तिसऱ्या आणल्या. त्याआधी शनिवारी, खाली आलेल्या धारवाल्याकडून विळीला अशी धार लावून घेतली की तिच्याकडे नुसतं बघितलं तरी कापावं.

बाळाभाऊ विळीवर बसले. जानकीबाई बाजूच्या ताटात सुरमईच्या तुकड्यांना मीठ-हळद चोळत बसल्या, एक डोळा तुकड्यांवर आणि एक नवऱ्याच्या बोटांवर. पाठीमागे ओट्यावर सुशांतच्या डब्यातल्या चकचकीत कागदाचा एक चौकोन तयार ठेवला होता. श्वेता धातूची पट्टी म्हणाली होती, हाही धातूच की! फार वेळ थांबावं लागलं नाही. बोट कापलं, आणि बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त कापलं. लाल धार शिंपल्यांवर पडली तशा जानकीबाई सगळा बेत विसरल्या. आजीने आईला आणि आईने त्यांना जे शिकवलं होतं तेच त्यांच्या हाताने केलं. हळदीचा डबा उघडला आणि चिमूटभर हळद जखमेवर दाबून धरली. मग चोरी आठवली. घाईघाईने त्यांनी बोटाखालून ओघळलेला एक थेंब त्या चौकोनावर टिपला, वाळू दिला, घडी घातली आणि सोमवारी सकाळी श्वेताच्या पिशवीत कोंबला. आपल्या प्रेमाताईंचं रक्त आहे, बिचारीच्या पोटात दुखतं, कुणाला सांगू नको म्हणाली, असं वर सांगितलं. असं कुणाचं रक्त घेता येत नाही, हे श्वेता म्हणेपर्यंत लिफ्टचं दार लागलंही होतं.

ते रक्त टाकून द्यायचं असं श्वेताने ठरवलं होतं. पण चहाच्या वेळी यंत्र मोकळं होतं, चैतन्य नावाचा सहकारी बाजूला होता, आणि सासूने घरच्या कागदावर नमुना बनवून दिला ही गंमत दोघांनाही आवरली नाही. त्यांनी तो वाळलेला थेंब किरणाखाली सरकवला. पडद्यावर डोंगर उमटलेच नाहीत. सगळा पडदा उजेडाने काठोकाठ भरून गेला. काही पदार्थ असे असतात की किरण पडला की स्वतःच चमकायला लागतात आणि बाकी सगळ्यांना झाकून टाकतात. हळद त्यातलीच. चैतन्यने कागद नाकाशी नेला आणि गंभीरपणे विचारलं, “मॅडम, हे रक्त आहे की कालवण?”

श्वेताने वास घेतला. तिसऱ्या. प्रेमाताई माळकरी, त्यांच्या घरात अंडंही येत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तिने सासऱ्यांच्या बोटाला बांधलेली पिवळी चिंधी पाहिली आणि रक्त कुणाचं ते तिला कळलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

जानकीबाईंनी आधी प्रेमाताईंच्या घरात हल्ली मासा शिजतो असं सांगून पाहिलं. श्वेता हसली नाही. ती म्हणाली की नमुना शुद्ध असता तरी उपयोग नव्हता, कारण माणसाने स्वतः होकार दिल्याशिवाय त्याच्या रक्ताला हात लावायचा नसतो, आणि आपण लावला याची तिला लाज वाटत होती.

“आणि आई, आमचं यंत्र हो म्हणालं असतं तरी शेवटी डॉक्टरांकडेच जायचं होतं. बाबांचा घास अडकतोय. त्यांची अन्ननळी कॅमेऱ्याने तपासायला हवी, याच आठवड्यात. मलाही ते दिसत होतं. मी तुमच्यावर टाकून बसले.”

ते येणार नाहीत, जानकीबाई म्हणाल्या. तू सांगशील तर घाबरतील, मी सांगेन तर त्याहून घाबरतील. श्वेताने विचारलं, तुम्ही त्यांना एकदाही खरं खरं विचारलंय का? आयुष्यात पहिल्यांदा जानकीबाईंना थाप सुचली नाही. त्या ओट्याला टेकून रडल्या, आणि रडणं झाल्यावर पदराने तोंड पुसून गॅलरीत गेल्या.

बाळाभाऊ गॅलरीत खुर्चीवर बसले होते. जानकीबाई दारात उभ्या राहिल्या. कुठून सुरुवात करावी ते कळेना, तेव्हा सुरुवात बाळाभाऊंनीच केली. मालवणीत, घरातलं बोलणं तसं.

“विळयेक धार तू लावन घेतलंस मां? धारवालो इलो तेव्हा मी खालीच होतंय.”

“मगे कापूक बसलात कित्याक?”

“म्हटलंय, बघूया तरी हिका काय व्हया ता.”

जानकीबाई खालीच बसल्या. मग त्यांनी छत्री, नोकरी, डास, चकचकीत कागद, सगळं सांगून टाकलं. डासाच्या वेळी बाळाभाऊंना हसू आवरलं नाही, हसताना ठसका लागला. मग म्हणाले, “दादाक सगळा म्हायत होता.”

जानकीबाईंना कळलंच नाही.

“मागच्या फाटकाच्या भिंतीर पण पाटी होती. तेणा वाचली. माका म्हणालो, जानकीक सांगू नको, तिका वाटता माका पटला म्हणान. तिका वायट वाटात.” ते बोटाच्या चिंधीकडे बघत होते. “एकटोच भियालो तो, शेवटापर्यंत. कोणाकडे बोलूक मिळाला नाय तेका. माका तसा मारू नको. काय ता खरा सांग.”

आपल्या सगळ्यात चोख थापेची ही गत झाली होती हे ऐकून जानकीबाईंच्या काळजाला चरका बसला. ज्याला सांभाळलं असं इतकी वर्षं वाटत होतं, त्यानेच मरता मरता त्यांना सांभाळलं होतं. त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“खरा माका म्हायत नाय. तुमचो घास अडकता, तुमी सुकत चाललात, आणि माका भय वाटता. एवढाच खरा आसा.”

बाळाभाऊ उठले आणि उद्या घालायचा शर्ट कुठे आहे ते बघायला आत गेले.

पुढची चक्रं श्वेताने फिरवली. घाटकोपरच्या एका रुग्णालयात नळीतून कॅमेरा आत गेला आणि तपासायला तुकडा काढला. निकाल येईपर्यंतच्या दिवसांत बाळाभाऊ स्वतः सुनेच्या संस्थेत गेले. कुणी म्हटलं नव्हतं. एवढ्या भानगडीनंतर रक्त द्यायचं तर रीतसर देऊ, असं त्यांचं म्हणणं. सही केली, या वेळी सुईने रक्त दिलं. मग काचेतून त्यांनी तो हिरवा किरण आणि पडद्यावरचे डोंगर पाहिले आणि आमच्या आंबोलीपेक्षा बरे दिसतात असं मत दिलं. यातले माझे डोंगर कुठले, असं विचारल्यावर श्वेताने सांगितलं की नावं काढून नुसते नंबर ठेवतात, कुणाचं काय ते तिलाही कळत नाही, एकट्या अनिरुद्ध सरांकडे ती यादी असते. जानकीबाई बाजूलाच होत्या. जित्याची खोड म्हणा, दुसऱ्या दिवशी त्यांनी अनिरुद्ध सरांना तळलेल्या सुरमईचा डबा पाठवला. सरांनी डबा धुऊन, आभार मानून परत पाठवला आणि नंबर काही सांगितला नाही. यंत्राने तो थेंब आजारी माणसांच्या बाजूला टाकला होता हे श्वेताला पुढे काही महिन्यांनी समजलं, आणि तोवर त्याची गरज उरली नव्हती.

निकालाच्या दिवशी परिचारिकेने दार उघडून पेशंटला बाहेरच बसू द्या, नातेवाइकांनी आत या, असं सांगितलं. असंच सांगतात. बाळाभाऊ बाकावर बसून राहिले. जानकीबाई आणि श्वेता आत गेल्या. डॉक्टरांनी आलेख नाही, डोंगर नाही, साध्या चार वाक्यांत सांगितलं, आणि शेवटी पेशंटला किती सांगायचं ते तुम्ही घरचे ठरवा, असंही म्हणाले.

खोलीपासून बाकापर्यंतचा रस्ता लहानसा, पण तेवढ्यात जानकीबाईंच्या जिभेवर तीन थापा तयार होऊन आल्या. सूज आहे. जुना अल्सर आहे. मशीन बिघडलंय, पुन्हा यायला सांगितलंय. तिन्ही झकास होत्या, तिसरी तर दादांच्या वेळेपेक्षाही वरचढ. नवरा मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. त्या शेजारी बसल्या.

“कॅन्सर आसा,” त्या म्हणाल्या.

“खंय?”

“अन्ननळीत. लहान आसा. पसरलेलो दिसणा नाय. औषधा देतले, मगे ऑपरेशन. डॉक्टरांका वाटता, बरे होशात.”

“आणि तुका?”

“माका म्हायत नाय ओ.”

बाळाभाऊंनी मान हलवली. इतक्या वर्षांच्या संसारात जे कधी तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं, “माका भय वाटता गो.” “माका पण,” जानकीबाई म्हणाल्या. काही होणार नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. दोघं हात धरून, सगळ्यांच्या देखत, रडली.

श्वेता बाहेर आली तेव्हा जानकीबाई डोळे पुसून पिशवीतला फोन शोधत होत्या. सुशांत मालाडला ऑफिसात, त्याला कळवायला हवं होतं. बाळाभाऊंनी हात पुढे केला.

“तू नको सांगू. तुझ्यार तेचो विश्वास बसूचो नाय. हाड हय तो फोन.”

जानकीबाईंनी निमूटपणे फोन दिला. बाळाभाऊंनी घसा खाकरला आणि पोराला सगळं नीट सांगितलं.